आठ थर, एक वॉट : त्रिमूर्तीनगरातल्या कागदी कंदिलांचं प्रकरण

हे प्रकरण एका इमारतीचं आहे. नागपूरचं त्रिमूर्तीनगर, खाली पार्किंग, वर तीन मजले. फाटकातून आत आलं की पार्किंगच्या कडेने मागच्या भिंतीपर्यंत २४ मीटरची सरळ वाट जाते आणि जिना तिच्या बरोबर मध्यावर आहे. दिवाळीत या वाटेवर दर मीटरला एक असे २४ कागदी कंदील टांगायचे, तेही बाजारातून न आणता घरोघरी घड्या घालून करायचे, ही कल्पना दुसऱ्या मजल्यावरच्या दहावीतल्या मुलीची. मी आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवते. त्यामुळे इमारतीत कुठे काही पेटेनासं झालं की बेल आमच्या दाराची वाजते. तशी ती वाजली, तेव्हा कंदिलांचं काम बरंच पुढे गेलं होतं.

मुलीने निवडलेला प्रकार म्हणजे सोनोबे. जपानच्या मित्सुनोबू सोनोबे यांच्या नावाने ओळखला जाणारा हा घडीचा घटक चौकोनी कागदाचा होतो. प्रत्येक घटकाला दोन टोकं आणि दोन खिसे. एकाचं टोक दुसऱ्याच्या खिशात सरकवत गेलं की डिंक न लावता घनाकृती उभी राहते. सहा घटकांचा ठोकळा, बारांचा आठ सुळक्यांचा तारा, आणि तिसांचा तो वीस सुळक्यांचा गोळा, जो शाळेच्या प्रदर्शनात हमखास दिसतो. तीसच का, तर वीस त्रिकोणी पृष्ठांच्या आयकोसाहेड्रॉनला ३० कडा असतात आणि प्रत्येक कडेवर एक घटक बसतो. १५ सेंटीमीटरचा चौकोन घेतला तर गोळा सुळक्यापासून सुळक्यापर्यंत साडेसतरा सेंटीमीटरचा होतो. टांगायला छान माप.

असे दहा गोळे तयार होते. गुलाबी, हिरवा आणि पिवळा क्राफ्ट पेपर, प्रत्येक सुळक्यावर तिन्ही रंग येतील अशी मांडणी. कुठेही एक घटक चुकलेला नव्हता. एका गोळ्याचे तीन घटक काढून तिने आत मोबाइलचा टॉर्च सोडला, पुन्हा बंद केला आणि मला दाखवला. शिवणींमधून बारीक पांढऱ्या रेघा दिसत होत्या. बाकी गोळा काळपट.

"काकू, आत टॉर्च ठेवला तरी काहीच दिसून नाही राहिलं."

सोबत सोसायटीचे सचिव काका होते. त्यांचा उपाय तयार होता. "मॅडम, नऊ वॉटचा बल्ब टाका ना डायरेक्ट. टॉर्च किती देऊन देऊन देईल?" त्यांच्याच मागे उभ्या असलेल्या तळमजल्यावरच्या काकूंना वेगळीच काळजी. "अन् पेटलं मंग कागद?"

दोघांचेही प्रश्न रास्त होते. पण कागदाचा प्रश्न आधी सोडवायला हवा होता, बल्बाचा नंतर. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. लोक आधी कंदील करतात आणि मग त्यात दिवा बसवायला बघतात. घड्यांच्या कंदिलात तसं चालत नाही.

कागदाचे आठ थर

वहीतलं एक पान काढून मुलीला हिशोब करायला लावला. तीस चौकोन वापरले, म्हणजे कागदाचं क्षेत्रफळ चौकोनाच्या तीसपट. गोळ्याच्या बाहेरून दिसणारे त्रिकोण किती? वीस सुळके, प्रत्येकाला तीन, म्हणजे साठ. प्रत्येक त्रिकोण मूळ चौकोनाच्या सोळाव्या भागाएवढा. साठ भागिले सोळा, पावणेचार. म्हणजे तीस चौकोनांचा कागद दडपून आपण पावणेचार चौकोनांचा पृष्ठभाग केला. तीसला पावणेचारने भागा. बरोबर आठ.

दिवा आणि डोळा यांच्या मध्ये सरासरी आठ कागद. कुठे कमी, कुठे जास्त, पण सरासरी आठ. सहा घटकांचा ठोकळा करा किंवा तिसांचा गोळा, आकडा आठच येतो, कारण तो घटकाच्या घडीतच ठरलेला आहे. झेरॉक्सचा साधा ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा कागद घेतला तरी आठ थरांचा मिळून तो ६०० जीएसएमचा पुठ्ठा होतो. क्राफ्ट पेपर तर त्याहून जाड. पुठ्ठ्याच्या डब्यात टॉर्च लावून बाहेरून उजेड शोधण्यासारखा हा प्रकार होता.

मुलीचा पुढचा प्रश्न मला आवडला. "मग पांढऱ्या कागदाचं पण असंच होईल?" होईल, पण तेवढं वाईट नाही. पांढरा कागद उजेड फारसा शोषत नाही. थोडा पुढे सोडतो, उरलेला मागे परतवतो. मागे गेलेला उजेड समोरच्या भिंतीवर आपटून पुन्हा बाहेर पडायची संधी शोधतो. समजा एक थर अर्धा उजेड पुढे सोडतो आणि उरलेला अर्धा परतवतो, शोषत काहीच नाही. अशा आठ थरांतून पहिल्याच फेरीत नऊपैकी एक भाग बाहेर येतो, आणि बंद गोळ्यात फेऱ्या होतच राहतात. रंगीत कागदाचा रंग मात्र येतो तोच मुळी शोषणातून. प्रत्येक थर उजेडाचा अर्धा वाटा शोषत गेला, तर आठ थरांनंतर २५६ पैकी एक भाग उरतो. नऊपैकी एक आणि २५६ पैकी एक, हा फरक बल्ब बदलून भरून निघत नाही. नऊ वॉटचा टाकला तरी नाही. प्रत्यक्षातला कागद या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो, पण दिशा कळायला हे पुरेसं आहे.

मग काय करायचं? एक वाट म्हणजे घटकच बदलायचा. जाळीचे घटक असतात. अमेरिकी गणिती टॉमस हल यांचा 'फिझ' घटक तसा आहे, त्याच्याही तिसांचा गोळा होतो, पण त्याला बारा पंचकोनी खिडक्या राहतात. उजेड भरपूर येतो. पण त्या खिडक्यांमधून दिवा थेट डोळ्यांत खुपतो, म्हणजे आत आणखी एक गाळणी लावा. शिवाय इमारतीतल्या लोकांचे हात एव्हाना सोनोबेवर बसले होते. सत्तरीतले एक आजोबा, रेल्वेतून निवृत्त झालेले, टीव्ही बघता बघता न पाहता घटक घालू लागले होते. त्यांना नवीन घडी शिकवायची हिंमत कुणाची?

दुसरी वाट, कागद बदलायचा. स्टेशनरीवाल्याकडे मिळणारा बटर पेपर घ्यायचा. हा कागद पारदर्शक दिसतो त्याचं कारण गमतीचं आहे. साध्या कागदात तंतू आणि त्यांच्यामधली हवा असते. उजेड तंतूतून हवेत, हवेतून तंतूत जाताना दर वेळी विखुरतो, म्हणून कागद पांढरा आणि अपारदर्शक. बटर पेपर करताना लगदा इतका कुटतात की तंतू एकमेकांना चिकटून हवेच्या फटी जवळजवळ संपतात. विखुरणं कमी झालं की आठ थरांचं भय उरत नाही.

कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना आम्ही तीन गोळे एकाच दिव्यावर तपासले : रंगीत क्राफ्ट, पांढरा झेरॉक्स, बटर पेपर. चंद्र डोक्यावर असूनही फरक दिसायला डोळे बारीक करावे लागले नाहीत. क्राफ्टच्या फक्त रेघा. झेरॉक्सचा मंद, मळकट गोळा. बटर पेपरचा मात्र आतून भरलेला. आणि जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक त्रिकोणात थरांचा नकाशाच उमटलेला. जिथे टोक खिशात शिरतं तिथे मधाच्या रंगाचा गडद पट्टा, जिथे थर कमी तिथे फिकट तिरपी चीर, आणि घडीच्या कण्यावर केसासारखी काळी रेघ. बाहेरून कोरा दिसणारा गोळा पेटल्यावर नक्षीदार होतो, आणि ती नक्षी कुणी काढलेली नसते. बटर पेपरला पिवळसर झाक असते. त्यामुळे एलईडीची पट्टी वॉर्म व्हाइट, म्हणजे पिवळसर उजेडाची, ३००० केल्विनच्या आसपासची घ्यायची, हे त्याच रात्री ठरलं (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप). ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात तो कागद आजारी दिसतो.

कागदाचा हिशोब सरळ निघाला. २४ गोळ्यांना ७२० चौकोन. २० बाय ३० इंची तावातून १५ सेंटीमीटरचे पंधरा चौकोन निघतात, म्हणजे ४८ ताव, बरोबर दोन दस्ते. इतवारीच्या बाजारातून आणले. एका घटकाला दोन मिनिटं धरली तरी चोवीस तासांचं काम होतं, पण ते सोळा घरांत वाटलं गेलं.

बटर पेपरचा एक दुर्गुण सांगायलाच हवा. तो गुळगुळीत असतो, टोक खिशात धरून राहत नाही. हातात घट्ट वाटणारा गोळा टांगल्यावर दुसऱ्या दिवशी सैल पडतो. पावसाळा सरून नागपूरची हवा कोरडी व्हायला लागली की हा कागद आक्रसतो आणि वाकतो, त्याने आणखीच भर पडते. उपाय एकच, फेविकॉलचा ठिपका. मुलीला तो पसंत नव्हता. ओरिगामीत डिंक म्हणजे पाप, हे तिचं ठाम मत. शेवटी तडजोड अशी झाली की २७ घटकांच्या टोकांना ठिपका लावायचा आणि उरलेले तीन, एका सुळक्याचे, कोरडे ठेवायचे. तसंही ते कोरडेच हवेत. आतला दिवा बिघडला तर गोळा उघडणार कुठून? त्या सुळक्यावर पेन्सिलीची बारीक खूण.

आत काय लावायचं

इथे सुचवण्यांचा पाऊस पडला. ज्या सूचना बाद केल्या, त्या का बाद केल्या हे सविस्तर लिहिते, कारण दरवर्षी कुणी ना कुणी नेमक्या याच करतो.

नऊ वॉटचा एलईडी बल्ब. जुन्या फिलामेंटच्या बल्बाएवढा तो तापत नाही हे खरं, आणि ज्याला आपण झिरोचा बल्ब म्हणायचो तो तर १५ वॉटच्या आसपास खायचा. पण एलईडी बल्बाच्या मानेत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथे चांगलीच ऊब साठते आणि बंद गोळ्यात ती जायला जागा नसते. बल्ब लवकर मरतो. त्याहून मोठी अडचण २३० व्होल्टची. २४ होल्डर, ४८ जोड, हाताला लागतील अशा उंचीवर, खाली फुलझड्या घेऊन पळणारी पोरं. मी वायरमनच्या मुलांना जे करू नका म्हणून सांगते, तेच स्वतःच्या इमारतीत करायचं का? शिवाय होल्डर आत जाईल एवढं भोक पाडलं की गोळ्याचा एक कोपरा मेला.

अर्ध्या वॉटचा नाइट लॅम्प उष्णतेच्या बाबतीत बिनधोक, पण व्होल्टेज तेच, होल्डर तोच.

बटणाच्या सेलवरचे चिमुकले दिवे. दिसायला सोपं. सीआर २०३२ सेल ३ व्होल्टचा, त्यात सुमारे २२० मिलीअँपियर-तास. पण ही क्षमता अगदी थोडा प्रवाह घेतला तरच मिळते. चांगला उजेड पाडायला लागलात की काही तासांत दिवा मलूल. त्याहीपेक्षा, ज्या इमारतीत रांगणारी बाळं आहेत तिथे वीस मिलीमीटरचे लिथियम सेल डझनावारी आणून ठेवणं मला पटत नाही. असा सेल लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. सेल संपलेला वाटला तरी धोका संपत नाही. ही सूचना मी चर्चेला घेतलीच नाही.

तांब्याच्या तारेवरच्या फेअरी लाइटच्या माळा, तीन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या. गोळ्यात नुसत्या चुरगळून भरल्या तरी सुंदर दिसतात, बटर पेपरमागे चांदण्या पडल्यासारखं वाटतं. पण २४ गोळ्यांना ७२ सेल, आणि ते बदलत बसणारा माणूस कोण? रांगेसाठी नाही, पण ज्यांना आपापल्या दारात एकच गोळा टांगायचा होता त्यांना मी हेच सुचवलं. बाल्कनीत प्लग नसेल तर याहून सोयीचं काही नाही.

ठरलं ते असं. १२ व्होल्टची एलईडी पट्टी, मीटरला ६० दिवे, मीटरला ४.८ वॉट. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, पाच मीटरच्या रिळात मिळते. या पट्टीत तीन-तीन दिव्यांचा गट असतो आणि दर पाच सेंटीमीटरला कापायची खूण. २० सेंटीमीटरचा तुकडा घेतला की १२ दिवे, जवळजवळ १ वॉट, ८० मिलीअँपियर. तो तुकडा २० मिलीमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या छोट्या नळीवर तिरपा गुंडाळायचा. तीन वेढे बसतात. पट्टीच्या मागचा गोंद वळणावर सुटतो, म्हणून दोन्ही टोकांना दोरा बांधायचा. अशी दिव्याची नळी गोळ्याच्या मधोमध लोंबली की आतला कागद सगळीकडून काही सेंटीमीटर दूर राहतो. चालू ठेवून नळीला हात लावला तर कोमट लागते. कागद पेट घ्यायला दोनशे अंशांच्या वर जावं लागतं, तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंची शंका इथे मिटली.

एका ठिणगीएवढ्या दिव्याऐवजी असा चहूकडे तोंड केलेला दिवा घेण्यात आणखी एक फायदा आहे. एकाच बिंदूतून उजेड आला की समोरच्या त्रिकोणावर पांढरा डाग पडतो आणि बाकीचे अंधारात. नळीवरचे बारा दिवे आपसात ते भांडण मिटवतात.

वजनाचा प्रश्न मुलीच्या लक्षात आला, माझ्या नाही. बटर पेपरचा गोळा तीस ग्रॅमच्या आतबाहेर, पण तो वायरवर टांगला तर ओढ सोल्डरवर, म्हणजे वायरीच्या डाकावर येते. म्हणून गोळ्याच्या ज्या कोपऱ्यात पाच सुळके भेटतात, तिथल्या नैसर्गिक बारीक भोकातून वायरबरोबर जाड दोरा घ्यायचा. दोऱ्याच्या आतल्या टोकाला शर्टाचं बटण, त्यावर गोळा टेकतो. दिव्याची नळीही त्याच बटणाला खाली बांधलेली. वायर मोकळी. घरटी जुनी बटणं निघाली, सगळी वेगवेगळ्या रंगांची, पण ती कुणाला दिसणार?

शेवटचा कंदील मंद का

२४ गोळ्यांना प्रत्येकी ८० मिलीअँपियर म्हणजे १.९२ अँपियर. १२ व्होल्ट, ३ अँपियरचा अ‍ॅडॅप्टर पुरेसा होता. सचिव काकांचं म्हणणं वेगळं. सीसीटीव्हीचा जुना १० अँपियरचा पॉवर सप्लाय पडून होता. "घरचाच आहे, वापरा ना." कमी व्होल्टेज म्हणजे निर्धोक, हा समज इथे तपासून घ्यायला हवा. आमची लाल-काळी जोडवायर पाव चौरस मिलीमीटरची. ती कुठे सोलली जाऊन लाल-काळी चिकटली, तर ३ अँपियरचा चांगला अ‍ॅडॅप्टर स्वतःला बंद करून घेतो. १० अँपियरचा सप्लाय मात्र त्या वायरीला तापवत राहू शकतो, आणि वायरीच्या शेजारी कागद आहे. शॉक नाही लागणार, पण जळायला १२ व्होल्ट पुरतात. काकांचा सप्लाय वापरायचाच असता तर मध्ये ३ अँपियरचा फ्यूज घालणं सक्तीचं होतं. आम्ही अ‍ॅडॅप्टरच घेतला.

जोडणी मुलांनी केली. दोन गोळे पेटलेच नाहीत. उलटे जोडले होते, लालला काळी. अशी पट्टी उलट जोडली तर जळत नाही, पेटत नाही एवढंच. वायरी बदलल्या, पेटले.

प्लग फाटकाजवळच्या चौकीदाराच्या खोलीत होता, म्हणून अ‍ॅडॅप्टर तिथे लावून रांग पेटवली. फाटकाकडचे गोळे झकास. जिन्यापर्यंत ठीक. मागच्या भिंतीशी मात्र उजेड निम्म्यावर आलेला. नुसत्या डोळ्यांनी सांगता येत होतं. पहिल्या मजल्यावरच्या दादांचं निदान, "मागची पट्टी डुप्लिकेट निघाली." पट्टी एकाच रिळाची होती. मल्टिमीटर लावला. पहिल्या गोळ्यापाशी जवळजवळ १२ व्होल्ट, शेवटच्यापाशी १० आणि थोडं.

दोष वायरीचा. पाव चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे ०.०७ ओहम. जाताना एक, येताना एक, म्हणजे मीटरला ०.१४. पहिल्या मीटरमधून चोवीसही गोळ्यांचा प्रवाह जातो, दुसऱ्यातून तेवीसांचा, असं करत शेवटच्या मीटरमधून एकाचा. २४ ते १ यांची बेरीज ३००. तीनशे गुणिले ०.०८ अँपियर गुणिले ०.१४ ओहम, सव्वातीन व्होल्टच्या वर घट. कागदावर एवढी येते. प्रत्यक्षात व्होल्टेज पडलं की दिवे प्रवाहही कमी घेतात, त्यामुळे घट दोन व्होल्टच्या आसपास थांबली. पण तीन एलईडी एकापुढे एक असले की त्यांनाच नऊच्या आसपास व्होल्ट लागतात. उजेड ठरतो तो त्यावर उरलेल्या दोन-तीन व्होल्टांवर. त्यातले दोन गेले, तर उरलं काय?

जाड वायर हा एक उपाय. खर्चाचा, आणि आधीच टांगलेलं सगळं उतरवायचा. त्यापेक्षा अ‍ॅडॅप्टर मध्यावर न्यायचा. जिन्याखाली विजेच्या मीटरच्या बाजूला प्लग होताच. आता दोन्ही बाजूंना बारा-बारा गोळे. १२ ते १ यांची बेरीज ७८. तीनशेवरून अठ्ठ्याहत्तर, म्हणजे घट जवळजवळ चौथाईवर. अंतर निम्मं झालं आणि प्रवाहही निम्मा झाला, दोन्ही मिळून चौथाई. टोकाच्या गोळ्यापाशी मीटरने सव्वाअकरा दाखवले. पहिला आणि शेवटचा यांत अजूनही फरक आहे, पण तो शोधायला शेजारी-शेजारी धरावे लागतील. नवीन वायर एक मीटरसुद्धा लागली नाही. हे गणित ५ व्होल्टच्या यूएसबी माळांवर केलं असतं तर फजिती झाली असती. तेवढ्याच वॉटला प्रवाह जवळजवळ अडीचपट, आणि गमवायला व्होल्ट मुळातच कमी.

लावल्यानंतर

रांग नीट पेटली तरी पहिल्या संध्याकाळी कुणाला कौतुक वाटलं नाही. कारण डोक्यावर पार्किंगच्या ट्यूबा चालू होत्या. एक वॉटचा कंदील २० वॉटच्या ट्यूबपुढे काय दिसणार? ट्यूबा बंद करा म्हटलं तर वयस्कर मंडळींची हरकत, जिन्यात अंधार नको. तीही बरोबर. जिन्यातली ट्यूब चालू, वाटेवरच्या ट्यूबा संध्याकाळी सात ते रात्री दहा बंद, असं ठरलं. ट्यूबा गेल्या आणि वाटेवर चोवीस गोळे उभे राहिले. आजोबा खुर्ची घेऊन खाली बसायला लागले ते त्या दिवसापासून.

सचिव काकांना बिलाची धास्ती होती. "मॅडम, कॉमन मीटरवर बिल गंज येते मंग." २४ गोळे, अ‍ॅडॅप्टरमधला अपव्यय धरून २७ वॉट. रोज सहा तास म्हणजे ०.१६ युनिट, पाच दिवसांत एक युनिटही पुरं नाही. त्यांच्या नऊ वॉटच्या बल्बांनी पाच दिवसांत साडेसहा युनिट खाल्ले असते. आणि बंद ठेवलेल्या ट्यूबांची बचत मी धरलेलीच नाही. काकांनी आकडा सोसायटीच्या वहीत लिहून घेतला.

गोळ्यांचं खालचं टोक सात फुटांच्या वर राहील अशी दोरी बांधली होती. फाटकाबाहेर अनार लावायचे, त्यामुळे पहिले दोन गोळे लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तासाभरासाठी उतरवले. उतरवणं सोपं पडावं म्हणून प्रत्येक गोळा मुख्य वायरीला छोट्या कनेक्टरने जोडला होता. ज्यांना असं काही करायचं आहे त्यांनी इथे काटकसर करू नये. पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड काढता येत नाहीत, आणि पहाटेच्या दवात ओलसर झालेला गोळा घाईत ओढला की फाटतो. दवाने फाटकाकडचे गोळे सुरकुतलेही. दिवसा ते वाईट दिसायचे. रात्री सुरकुती उजेडात मिसळून जायची. मधल्या दिवसांत एक गोळा विझला, सोल्डर सुटलं होतं. पेन्सिलीच्या खुणेवरून सुळका उघडला, जोड पक्का केला, सुळका परत बसवला.

राहिले ते पहिले दहा रंगीत गोळे. मुलीचं मन त्यांच्यात अडकलेलं, आणि घड्या खरंच सुरेख होत्या. त्यांच्या आत दिवा घालायचा नाद आम्ही सोडून दिला. फाटकाच्या दोन खांबांवर पाच-पाचचे घोस बांधले आणि फाटकावर आधीपासून असलेला फोकस त्यांच्यावर वळवला. रंगीत कागद रंग दाखवतो तो समोरून उजेड पडला की. आतून उजेड हवा असेल तर बटर पेपर, रंग हवा असेल तर बाहेरून फोकस. दोन्ही एकाच गोळ्यात मागितलं की आठ थर आडवे येतात. क्राफ्टचे गोळे रात्रंदिवस तेवढेच चांगले दिसले, हे मान्य करायला हवं. काही जणांना तेच जास्त आवडले.

पुढच्या वर्षी मुलीला गोळे मोठे हवेत, २० सेंटीमीटरच्या चौकोनाचे. गोळा होईल २३ सेंटीमीटरचा. पृष्ठभाग पावणेदोनपट, म्हणजे तेवढाच उजेड पसरवायचा तर पट्टी २० ऐवजी ३५ सेंटीमीटर, प्रत्येकी १४० मिलीअँपियर. चोवीसांना मिळून ३.३६ अँपियर. हा अ‍ॅडॅप्टर एवढं ओढणार नाही, वायरीतली घटही तेवढ्याच पटीने वाढेल. पंधरा गोळे केले तर २.१ अँपियरमध्ये भागतं आणि ताव लागतात ७५. संख्या कमी करायची की अ‍ॅडॅप्टर आणि वायर नवी घ्यायची, हे सोसायटीच्या बैठकीत ठरायचं आहे. सीसीटीव्हीचा १० अँपियरचा सप्लाय सचिव काकांनी पुसून तयार ठेवला आहे. मी ३ अँपियरचे दोन फ्यूज आणून ठेवले आहेत, दोन बाजूंच्या दोन वायरींना एकेक.